उजव्या गालाला हात लावता येतो आता

ऑपरेशन होऊन आज बरोब्बर पाच महिने झाले. लिहू लिहू म्हणत इतके दिवस टाळत होते कारण मनात एक भीती बसलेली, की आपण "दुखणं गेलं" असं लिहायचं आणि दुसऱ्याच दिवशी ते परत यायचं. ती भीती पूर्ण गेलीये असं अजूनही नाही म्हणणार मी. पण रात्र रात्र जागून जेव्हा मी या आजाराबद्दल वाचायचे ना, तेव्हा आपल्या भाषेत कोणीतरी नुसतं एवढं जरी सांगितलं असतं की हो बाई, हे असंच असतं, तू वेडी नाहीयेस, तरी मला खूप आधार वाटला असता. म्हणून लिहितेय.

आजाराचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याला काय लागलं, गरम लागलं की गार, हे मेंदूला कळवणारी एक मोठी नस असते, मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी पाचवी, आणि तिच्या तीन फांद्या होतात, एक कपाळ-डोळ्याकडे, एक गाल आणि वरच्या दातांकडे, एक खालच्या जबड्याकडे. माझ्या मधल्या आणि खालच्या फांदीत दुखायचं, उजव्या बाजूला.

पहिल्यांदा झालं ते दात घासताना. ब्रश वरच्या दाढेपर्यंत गेला आणि हिरडीतून गालात, गालातून कानाच्या पुढे अशी एक सणक गेली की ब्रश हातातून पडला आणि मी बेसिनला धरून उभी राहिले. चार-पाच सेकंद असेल. मग काहीच नाही! म्हणजे अक्षरशः काही नाही, ठणका नाही, सूज नाही, आरशात बघितलं तर चेहरा नेहमीसारखा. वाटलं दाढ किडली असणार. दुसरं काय वाटणार?

डेंटिस्टकडे गेले. एक्स-रेमध्ये फारसं काही दिसलं नाही पण मी जिथे बोट दाखवत होते तिथली रूट कॅनाल केली, आठ-दहा दिवस बरं वाटलं (आता कळतं की या आजारात मधे मधे आपोआपच बरं वाटतं, कधी दिवस, कधी महिने), मग परत सुरू. मग मीच हट्ट केला की दाढ काढून टाका. काढली. आणि तिसऱ्या दिवशी कळ आली ती त्याच जागी, जिथे आता दाढच नव्हती. तो क्षण मला विसरताच येत नाही. म्हणजे आत्तापर्यंत दुखण्याला निदान एक पत्ता होता, तोही गेला. माझी चांगली दाढ गेली याचं मला आजही वाईट वाटतं आणि राग पण येतो, त्या डॉक्टरांचा तर येतोच कारण एकदा तरी त्यांना शंका यायला हवी होती, सेकंदभर येऊन जाणारी, स्पर्शाने सुरू होणारी कळ ही दाताच्या दुखण्यासारखी नसते. या आजारात दात काढून बसलेले पेशंट खूप आहेत. म्हणून कोणाला असं होत असेल तर कृपा करून दात काढायच्या आधी एकदा न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

दुखणं कसं असतं हे सांगायचा प्रयत्न करते. वीज, करंट असं सगळेच म्हणतात आणि ते खरं आहे, पण करंटमध्ये निदान हात मागे घेता येतो. इथे मागे कुठे घेणार, चेहरा आपलाच. आणि ते कशाने येईल तर वाऱ्याने. केसाची बट गालावर आली म्हणून. पाण्याचा घोट घेतला म्हणून. बोलताना "प" किंवा "म" आला आणि ओठ मिटले म्हणून. जोरात दाबलं तर काही नाही आणि पिसासारखं काही लागलं की जीव जातो, हे उलटं गणित लोकांना पटतच नाही. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन झटके, तिसऱ्या वर्षी कधी कधी तासाला वीस-पंचवीस. झटका येऊन गेला की थोडा वेळ काही केलं तरी येत नाही, तेवढ्या वेळात मी भराभर चार घास गिळायचे. वजन ११ किलो उतरलं.

उजवी बाजू मी धुणंच सोडलं होतं. पंखा बंद. बाहेर जाताना ओढणी चेहऱ्याला लागू न देता पुढे धरायची, म्हणजे वारा अडेल पण कापड टेकणार नाही. झोपायचं डाव्या कुशीवर. आणि बोलणं कमी होत होत शेवटी घरात मी पाटीवर लिहून दाखवायला लागले. आई फोन करायची आणि मी हं, हं एवढंच म्हणायचे, तिला वाटायचं मी रागावलेय. नवरा समजूतदार आहे पण तोही थकला होता, कारण मी गप्प असले की त्याला कळायचं नाही की दुखतंय म्हणून गप्प आहे की दुखेल म्हणून. खरं तर मलाही कळायचं नाही.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. एकदा ती शाळेतून पळत आली, गळ्यात पडायला, आणि मी दोन्ही हात पुढे करून तिला थांबवलं. जोरात. ती उभीच राहिली. काही बोलली नाही, रडली पण नाही. त्या दिवसापासून ती माझ्या डाव्या बाजूने यायला लागली. कोणी शिकवलं नाही तिला. रस्त्यात डावीकडे, सोफ्यावर डावीकडे, रात्री डावीकडे.

औषध म्हणजे कार्बामाझेपिन. मुळात फिट्सची गोळी, पण या दुखण्यावर १९६२ पासून वापरतात आणि अजूनही पहिली गोळी हीच देतात. माझ्या न्यूरॉलॉजिस्टनी गोळी सुरू करायच्या आधी रक्ताची एक जनुकीय तपासणी करायला लावली, एचएलए-बी १५०२ असं काहीसं नाव, कारण आशियाई लोकांमध्ये ते जनुक असेल तर या गोळीने अंगावर आणि तोंडात फोड येणारी जीवघेणी रिॲक्शन येऊ शकते. ही तपासणी विचारून घ्या, डॉक्टर विसरले तर आठवण करा. माझी निगेटिव्ह आली. गोळी सुरू केली आणि दोन दिवसांत दुखणं गायब! मी अक्षरशः रडले. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाल्या या गोळीने इतका स्पष्ट फरक पडणं हीच निदानाची एक खूण.

पण मग डोस वाढत गेला. शरीर या गोळीला हळूहळू जास्त वेगाने पचवायला लागतं त्यामुळे आधी पुरायचा तो डोस नंतर पुरत नाही. १०० मिलिग्रॅमवरून सुरुवात, शेवटी दिवसाला १२००. त्या डोसवर मी चालताना भिंत धरायचे, एकाचे दोन दिसायचे, मुलीच्या वर्गशिक्षिकेशी बोलताना मला "सुट्टी" हा शब्द आठवेना. आणि एक दिवस सकाळी उठून मी कपडे कुठल्या कपाटात असतात हेच विचारत बसले तेव्हा नवरा घाबरून हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला, रक्तातलं सोडियम १२३ निघालं. ते १३५ ते १४५ च्या मधे असायला लागतं. ही पण त्याच गोळीची करामत. म्हणजे गोळी घेतली तर डोकं जातं आणि नाही घेतली तर चेहरा जातो.

तिथून ऑपरेशनचा विषय सुरू झाला.

आधी एमआरआय परत केला, साधा नाही, नस आणि रक्तवाहिनी अगदी बारीक कापात दाखवणारा. साध्या एमआरआयमध्ये माझा रिपोर्ट नॉर्मल होता, दोन वर्षांपूर्वीचा! (तो पण वाया नव्हता म्हणा, ट्यूमर किंवा एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) नाही हे त्यातच कळलं होतं.) न्यूरोसर्जननी स्क्रीनवर दाखवलं, मेंदूच्या देठातून नस जिथे बाहेर पडते तिथेच एक धमनी वळसा घेऊन तिच्यावर टेकलेली, नस तिथे जरा चपटी झालेली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती धमनी नसेला धक्का मारते, वर्षानुवर्षं, आणि नसेचं वरचं आवरण झिजतं. वायरवरचं प्लॅस्टिक निघालं की तारा एकमेकींना लागतात तसं, आणि मग स्पर्शाचा निरोप दुखण्याच्या तारेत शिरतो. मी ते चित्र बघत किती वेळ बसले होते माहीत नाही. तीन वर्षं मला लोकांनी टेन्शन घेऊ नकोस, योग कर, मन रमव असं सांगितलं होतं. आणि ते तिथे होतं, पांढऱ्यावर काळं.

या ऑपरेशनला एमव्हीडी म्हणतात, मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशन. रक्तवाहिनी नसेला दाबते हे वॉल्टर डँडी नावाच्या सर्जननी १९३४ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण मायक्रोस्कोपखाली ती बाजूला करायची ही पद्धत पीटर जॅनेटा यांनी १९६०च्या दशकात पुढे आणली. कानाच्या मागे कवटीला छोटं भोक पाडतात, लहान मेंदूच्या कडेने आत जातात, धमनी नसेवरून उचलतात आणि मधे टेफ्लॉनचे पिंजलेल्या कापसासारखे तुकडे ठेवतात. बस. नस कापत नाहीत, जाळत नाहीत.

दुसरे पर्याय पण होते. गालातून सुई घालून नसेच्या गाठीला उष्णता देणं, ग्लिसरॉल सोडणं, किंवा छोटा फुगा फुगवून दाबणं, शिवाय गॅमा नाइफ, म्हणजे बाहेरून नसेवर नेमके किरण सोडणं. त्यात कवटी उघडायला लागत नाही, वय जास्त असेल किंवा हार्ट वगैरे असेल तर तेच बरं. पण त्यात नसेला मुद्दाम इजा करतात, त्यामुळे चेहरा बधिर व्हायची शक्यता जास्त आणि दुखणं परत यायचीही जास्त. माझं वय ४३, बाकी तब्येत ठीक, एमआरआयमध्ये दाब स्पष्ट. डॉक्टर म्हणाले तुम्ही एमव्हीडीसाठी योग्य आहात, निर्णय तुमचा.

मी विचारलं किती जणांचं राहतं बरं. त्यांनी जॅनेटांच्याच गटाचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगितला, ११८५ पेशंट होते, १० वर्षांनीही ७० टक्के लोक उत्तम होते. मी म्हटलं म्हणजे ३० टक्के नव्हते. ते म्हणाले हो. मला त्यांचं हे "हो" फार आवडलं. मग धोके पण सांगितले, त्या बाजूचं ऐकू येणं जाऊ शकतं, चेहरा बधिर होऊ शकतो, मेंदूभोवतीचं पाणी जखमेतून किंवा नाकातून झिरपू शकतं, इन्फेक्शन, आणि फार क्वचित स्ट्रोक किंवा मृत्यू. सगळं ऐकून घरी आले आणि नवरा म्हणाला नको, डोकं उघडायचं म्हणजे काय. मी पाटीवर लिहिलं, "मला पोरीशी बोलायचंय." तो गप्प बसला. मग फॉर्मवर सही केली दोघांनी.

आदल्या रात्री झोप नाही. ऑपरेशनची भीती होतीच पण त्याहून मोठी भीती ही की उद्या काहीच फरक पडला नाही तर? आत्तापर्यंत निदान एक शेवटचा उपाय शिल्लक होता. ताई सोबत होती, तिने माझा डावा हात धरून ठेवला रात्रभर. पहाटे सिस्टर कानामागचे केस काढायला आल्या, मी जीव मुठीत धरून बसले की मशीनच्या थरथरीने कळ येणार, आली पण, दोनदा. त्या थांबल्या, मी मान हलवेपर्यंत परत हात लावला नाही. त्यांचे आभार मानायचे राहिलेत.

ओटीत थंड होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की मास्क उजव्या गालावर टेकवू नका, त्यांनी तो वर अधांतरी धरला. हे खरंच सांगून ठेवा, कोणाला आपणहून सुचत नाही. पुढचं मला माहीत नाही. नंतर कळलं ते एवढं की सगळं मिळून चार तासांच्या आसपास लागले, कानाची नस नीट आहे ना हे बघायला पूर्ण वेळ कानात टकटक आवाज सोडून मशीनवर लक्ष ठेवलेलं असतं, आणि एमआरआयमध्ये दिसली त्या धमनीशिवाय एक बारीक शीरही नसेला चिकटलेली निघाली.

शुद्धीवर आले तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे डोकं. असं डोकं मी आयुष्यात अनुभवलं नव्हतं, जड, आणि डोळे उघडले की छत फिरतंय. मग उलटी. उलटी करताना तोंड उघडलं, ओठ ताणले गेले, गाल ओला झाला, सिस्टरनी तो पुसला, उजवा गाल, कापडाने. आणि काही झालं नाही.

मला वाटलं भूल उतरली नसेल.

रात्रभर आयसीयूत मी जिभेने हळूच उजवी हिरडी चाचपत होते. एकदा. थांबायचं. परत एकदा. पहाटेपर्यंत मी ती जिभ किती वेळा फिरवली असेल. डॉक्टर सकाळी आले, म्हणाले हसून दाखवा, डोळे मिटा, गालाला कापूस लावतो कळतंय का सांगा. मी कापूस बघूनच मागे सरकले. ते थांबले आणि म्हणाले तुम्हीच लावा. मी स्वतःच्या हाताने कापूस गालाला लावला आणि तिथेच हुंदका फुटला, आणि रडल्याने डोकं अजून दुखलं, पण ते दुखणं वेगळं, साधं, माणसासारखं.

पुढचे दिवस मात्र सोपे नव्हते हे पण सांगायला हवं, कारण मी वाचलेल्या अनुभवांमध्ये लोक उठले आणि बरे झाले असंच असायचं. चार दिवस चक्कर, मान लाकडासारखी, उजव्या कानात पाणी भरल्यासारखं आणि सगळे आवाज लांबून येतायत असं, ते पाच-सहा आठवड्यांनी गेलं. नाक शिंकरायचं नाही, वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. नाकातून पाण्यासारखं पातळ गळलं किंवा घशात खारट लागलं तर लगेच कळवायचं, कारण ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. टाके दहाव्या दिवशी निघाले. थकवा इतका की आंघोळ करून आले की दोन तास झोप. दुसऱ्या आठवड्यात दोन छोटे झटके आले. माझं काळीजच बसलं, सर्जनना फोन केला, ते म्हणाले नस वर्षानुवर्षं दबलेली आहे, शांत व्हायला वेळ घेऊ शकते, वाट बघा. ते दोन शेवटचे. आत्तापर्यंत तरी.

गोळी एकदम बंद करायची नसते. दर आठवड्याला १०० ने कमी करायला सांगितलं होतं आणि प्रत्येक वेळी कमी करताना मी आदल्या रात्री जागी. डोस कमी केलेल्या प्रत्येक सकाळी ब्रश हातात घेऊन मी बेसिनपाशी उभी राहायचे, पाच मिनिटं, दहा मिनिटं. दुखत नव्हतं पण हात वर जायचा नाही. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, की दुखणं गेल्यावरही अंग त्याला ओळखून असतं. घास अजून डावीकडेच जातो. वारा आला की मान आपोआप वळते. फोन डाव्या कानाला. सर्जनना हे सांगितलं तर त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, त्या आरशासमोर बसवून मऊ ब्रश, मग टॉवेल, मग गार पाणी असं एकेक करून गालाला लावायला सांगतात, रोज पाच मिनिटं. शेवटची गोळी घेऊन आता नऊ आठवडे झाले. शब्द परत आले. सोडियम १३९.

वरच्या ओठाचा उजवा कोपरा थोडा बधिर राहिलाय. डॉक्टर म्हणतात कदाचित जाईल, कदाचित राहील. मला चालेल.

मुलगी अजून डावीकडूनच येते. परवा रात्री मी तिला म्हटलं आज या बाजूला झोप. ती म्हणाली "नको, तुला लागेल". मी म्हटलं नाही लागत आता. तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं, मग एक बोट पुढे केलं आणि मधेच थांबवलं, गालाच्या अगदी जवळ, आणि विचारलं "सांगशील ना दुखलं तर?" मी हो म्हटलं. बोट ओठाच्या कोपऱ्याला लागलं, तिथे ते मला जाड कापडावरून लागल्यासारखं वाटलं, मग वर सरकत गालावर आलं आणि तिथे नीट कळलं, थोडं गार होतं, आणि नख वाढलेलं होतं तिचं.